घरातल्या सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा कोणता?

कुलरसमोर
राम राम मंडळी. जळगावात सध्या दुपारी बाहेर पडायची सोय नाही. पारा ४४ वर. त्यामुळे पडदे ओढून, कुलर लावून आम्ही चौघं एका खोलीत: आई (वय ७४), बायको, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक आणि मी. टीव्ही एकच. दीड महिन्यात नऊ सिनेमे सुरू केले. मी एकट्याने संपवले पाच. चौघांनी मिळून संपवला असा एकच.

तो म्हणजे 'लापता लेडीज'. घुंगटात दोन नवऱ्या आगगाडीत बदलतात ती गोष्ट, बहुतेकांना माहीत असेलच. फुलला सासरच्या गावाचं नाव धड सांगता येत नाही, तिथे लेक खूप हसली. आई म्हणाली, "हसू नको. मला गावाचं नाव माहीत होतं, पण कोणत्या फाट्यावर उतरायचं ते माहीत नव्हतं. तुझे आजोबा बशीत झोपून गेले असते तर मी थेट चोपड्याला." पुढे स्टेशनवरच्या मंजूमाईचं दुकान आलं आणि आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. ती उठली नाही म्हणजे सिनेमा चांगला, ही आमच्या घरची मोजपट्टी.

बाकीचे निकाल: 'महाराजा' (विजय सेतुपती) मी रात्री एकट्याने पाहिला, घरच्यांसोबत लावण्यासारखा नाही. 'वाळवी'ला बायको आणि मी हसून बेजार, आईला मात्र "मेल्या माणसाची एवढी थट्टा कशाला" असं झालं. 'ट्वेल्थ फेल' लेकीने अर्ध्यात बंद करायला लावला, म्हणे आत्ताच परीक्षा दिली, आता सुट्टीतही अभ्यास बघू का. 'स्थळ' सुरू केला, आई मध्येच उठून गेली.

तर प्रश्न असा, तुमच्या घरी अलीकडे कोणता सिनेमा सगळ्यांनी एका बैठकीत पाहिला? उगाच जगातले दहा श्रेष्ठ सिनेमे सांगू नका. घरी, सगळ्यांनी, शेवटपर्यंत.

भुसावळ_पॅसेंजर
आमच्याकडे सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत पाहिलेली एकच गोष्ट, इन्व्हर्टरवरचा लाल दिवा.

कळण्याची_भाकर
पॅसेंजर 😄

कुलरसमोर, 'महाराजा'बद्दल सहमत. बांधणी जबरदस्त आहे. कचऱ्याचा डबा चोरीला गेला म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार, त्या डब्याचं नाव लक्ष्मी, आणि हसता हसता तो आपल्याला कुठे नेऊन सोडतो! पण माझ्या नणदेने मुलांना घेऊन लावला होता. शेवटच्या पाऊण तासात घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कृपया मुलांसमोर लावू नका.

सातपुडा७७
'मंजुमल बॉइज'. आमच्या घरी सात माणसं, सातही जागची हलली नाहीत. कोडाईकनालच्या गुणा गुहेत एक मित्र खड्ड्यात पडतो आणि बाकीचे त्याला सोडून जायला तयार नसतात, एवढीच गोष्ट. २००६ साली खरी घडलेली. सुरुवातीला ते दोरीखेचीत हरतात ते बघून वाटतं की हे कशाला दाखवताय भो? आणि नंतर तीच माणसं दोर धरून उभी. माझा धाकटा भाऊ विहिरीवर काम करतो, मोटर काढायला आत उतरतो. दोर ओढायच्या वेळी तो सोफ्यावर बसून हाताने ओढत होता. त्याला कळलंही नाही.

तापीकाठचा
मंजुमल चांगला आहे पण पहिला अर्धा तास नुसती दारू, नुसता दंगा. आमच्या वडिलांनी तिथेच "ही कसली पोरं" म्हणून चॅनेल बदलायला लावला. आता सातपुडा७७ यांच्यामुळे पुढचं कळलं. म्हणजे बघायचं कारणही गेलं.

सातपुडा७७
@तापीकाठचा, खड्ड्यात पडतो हे तर जाहिरातीतच आहे, दादा!

खापरावरचा_मांडा
मी वेगळं सांगते. 'द ग्रेट इंडियन किचन' मी तीन हप्त्यांत पाहिला. २०२१ चा मल्याळम सिनेमा, आत्ता पाहिला कारण उशिरा कळलं. तीन हप्ते का, तर बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस चालू होते. ज्वारीचा चीक शिजवायचा, गच्चीवर पहाटे पसरायचा, ऊन चढायच्या आत खाली यायचं. मधल्या वेळात मोबाइल उभा करून सिनेमा.

आणि सिनेमात काय? तेच! भाजी चिरणं, भांडी, उष्टं काढणं, गळणारं सिंक. संवाद फार कमी. सासरे फार गोड माणूस, आवाज चढवत नाहीत. फक्त चटणी पाट्यावरची हवी, भात चुलीवरचा हवा, कपडे मशीनला लावू नको. ओरडत नाहीत म्हणून तर बाईला भांडताही येत नाही. ते गळणारं सिंक बघताना मी उठून आमच्या सिंकखालची बादली पाहून आले. भरली होती.

हिंदीत त्याचाच 'मिसेस' आला, सान्या मल्होत्राचा. तोही बरा आहे, पण चकचकीत. मूळ सिनेमातल्या स्वयंपाकघराला वास येतो, हिंदीतल्याला येत नाही.

सगळ्यांनी पाहिला का? नाही. यजमानांनी दहा मिनिटं पाहिला आणि विचारलं, "यात पुढे काही होतं का?"

कळण्याची_भाकर
ताई, "यात पुढे काही होतं का" 🙏 हे फ्रेम करून लावा.

धुळ्याचा_पुणेकर
चटणीचं पटलं, पण सिनेमा एकांगी वाटला. नवरा-सासरा दोघेही इतके सारखे? घरात एकही पुरुष जरा बरा नाही? आमच्या घरी मी भाकरी सोडून सगळं करतो.

खापरावरचा_मांडा
भाकरी का सोडली दादा?

धुळ्याचा_पुणेकर
थापता येत नाही.

खापरावरचा_मांडा
मलाही जन्मतः येत नव्हती.

शिरपूरवाला
वरच्या चर्चेवरून आठवलं, गेल्या आठवड्यात 'उंबरठा' पुन्हा पाहिला. १९८२ चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील आमच्या शिरपूरच्या घराण्यातल्या, वडील शिवाजीराव पाटील इथलेच, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्या सिनेमाला जरा जास्त मार्क मिळतात हे आधीच कबूल करतो.

पण खरंच सांगतो, वीस वर्षांपूर्वी पाहिला होता तेव्हा मला सुलभाचा राग आला होता. मूल सोडून महिलाश्रमात नोकरी करायला जाते म्हणून. या वेळी मुलगी शेजारी बसली होती, ती पुण्याला नोकरीला आहे. राग मलाच माझा आला. सुलभा परत येते, घर तसंच असतं आणि तिची जागा मात्र भरलेली असते. कोणी ओरडत नाही. सगळे चहा घेतात. खापरावरचा मांडा ताई म्हणतात तसलंच गोड घर. फक्त इथला नवरा वकील, शिकलेला.

'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' लागलं तेव्हा घरातले सगळे गप्प होते. म्हणून माझं उत्तर उंबरठा. तिघांनी, शेवटपर्यंत. चौथा आमचा कुत्रा, तोही होता.

केळीचा_घड
नव्या धाग्यावर जुने सिनेमे चालतात का? मग मी सांगतो. यावल तालुक्यातलं आमचं गाव, ८८-८९ ची गोष्ट. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा, टीव्हीसकट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मांडायचा, रात्री तीन सिनेमे. पहिला देवाचा, तो म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारधाडीचा. तिसरा कोणता होता ते आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही, कारण तोपर्यंत सगळं गाव ट्रॉलीभोवती झोपलेलं. फक्त व्हीसीआरवाला जागा, त्याला कॅसेट परत न्यायची असायची.

भुसावळ_पॅसेंजर
म्हणजे सगळ्या गावाने मिळून शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा: देवाचा. कुलरसमोर, उत्तर मिळालं, धागा बंद करा.

कसमादेचा_पाहुणा
व्हीसीआरचा विषय निघालाच आहे तर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघाच. प्राइमवर आहे. रीमा कागतींचा. शेख नासीर व्हिडिओ पार्लर चालवायचा, पोलिसांची धाड पडली, मग याने ठरवलं की आपलाच सिनेमा काढू. 'मालेगाव के शोले'. गावातलीच पोरं, यंत्रमागावर काम करणारी. पुढे सुपरमॅन.

आमच्या घरी सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांनी! वडिलांनी तर प्रत्येक गल्ली ओळखायचा प्रयत्न केला. पण मला विचाराल तर त्याआधीचा माहितीपट, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', त्याहून भारी आहे. त्यात खरा नासीर दिसतो. ट्रॉली नाही म्हणून कॅमेरा सायकलवर, क्रेन नाही म्हणून बैलगाडीला बांधलेला. आणि सुपरमॅन झालेला शफीक, काडीसारखा पोरगा, उडायला तयार. तो पुढे कॅन्सरने गेला हे माहीत असलं की हसताना घसा दाटतो.

धुळ्याचा_पुणेकर
चांगला सिनेमा, पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात. खान्देशच्या धाग्यावर कसं?

कसमादेचा_पाहुणा
आला प्रश्न. भो, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, आमच्या कसमाद्यात अहिराणी तुमच्यापेक्षा जास्त बोलतात. तुम्ही पुण्यात जाऊन "मी करतोय" म्हणायला लागले.

धुळ्याचा_पुणेकर
बोलीचं मान्य. पण १९०६ ला खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, त्या दोन्हीत मालेगाव नव्हतं. पूर्व म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे-नंदुरबार.

नंदुरबारी_मिरची
आम्हाला १९९८ ला धुळ्याने वेगळं केलं तेव्हा कोणी विचारलं होतं का? आता मालेगावचं भांडण घेऊन बसले. सिनेमावर या.

केळीचा_घड
नंदुरबारी मिरची, वेगळं आम्ही नाही केलं, तुम्ही मागितलं होतं 😄

संपादक
जिल्हा विभाजनासाठी वेगळा धागा आहे, तो २०१९ पासून चालू आहे, तिथे जा. आणि कालपासून दोघांनी फुकट डाउनलोडच्या लिंका टाकल्या, उडवल्या आहेत.

नंदुरबारी_मिरची
माझं उत्तर. बठा घरना मिळीसन 'सैराट' देख्ता, तेबी चौथ्यांदा. मनी माय शेवटना टायमाले दर खेप उठीसन पाणी पेवाले जास. तिले माहीत शे काय व्हनार शे ते.

(मराठीत: घरच्या सगळ्यांनी मिळून 'सैराट' पाहिला, तोही चौथ्यांदा. शेवट आला की आई दर वेळी पाणी प्यायला उठते. तिला माहीत आहे काय होणार आहे ते.)

कळण्याची_भाकर
आमच्या घरीही तेच! त्या शेवटी आवाज बंद होतो ना, त्या वेळी मी रिमोट शोधते, जणू टीव्हीच बिघडला.

पण मिरची, एक विचारायचं होतं. वऱ्हाडी बोली 'स्थळ'मध्ये आली, करमाळ्याकडची 'सैराट'मध्ये. अहिराणी कुठे आहे? मोठ्या सिनेमात आपला माणूस आला की एकतर पाणी मागणारा शिपाई नाहीतर हसवणारा गडी.

नंदुरबारी_मिरची
यूट्यूबवर जा, अहिराणी गाणी आणि विनोदाचे तुकडे भरभरून. लग्नात डीजेवर तेच. पण दोन तासांचा, रडवणारा, आपल्या बोलीतला, घरी सगळ्यांना बसवून दाखवावा असा? मी अजून तो शोधतेय.

शिरपूरवाला
बोली सोडा, आपल्याकडची माणसं तरी? साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. नवा 'श्यामची आई' (२०२३, सुजय डहाके) आम्ही नातवासह पाहिला. कृष्णधवल आहे. नातू पाच मिनिटांनी म्हणाला, "आजोबा, रंग गेला, सेटिंग बघा." मी सेटिंग बघायचं नाटक केलं. नंतर तो बसला. अत्र्यांचा १९५३ चा पाहिलेले म्हणतील जुनाच बरा. मी दोन्ही पाहिले, मला नव्यात तुरुंगातले गुरुजी आवडले.

कुलरसमोर
मधे दोन दिवस आलो नाही, कुलरचा पंप गेला होता. सगळं वाचलं.

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात लिहिलं की 'स्थळ' कंटाळवाणा आहे, तोच मुलगी पाहण्याचा प्रसंग परत परत. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय. म्हणून तुमची आई उठली असेल.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. सुरुवात गमतीची आहे, उलटी बैठक, मुली बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतात, तिथे आई मोठ्याने हसली. मग खरी सविता आली, ट्रे घेऊन, मान खाली. बापाचा कापूस घरात पडलेला, भाव नाही. आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. दुसरी बैठक झाली. तिसरी सुरू झाली आणि आई उठली. म्हटलं कंटाळली.

परवा रात्री गच्चीवर झोपलो होतो, लेकीने विचारलं, आजी, तू तो पिक्चर का सोडला? आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला तेरा जण पाहून गेले होते. तेराव्याला मी पोहे खारट केले. तेच तुझे आजोबा." मला हे माहीत नव्हतं. ५१ वर्षांचा झालो. वडिलांना खारट पोहे लागायचे, आम्हाला वाटायचं सवय.

खापरावरचा_मांडा
काका, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन आले.

धुळ्याचा_पुणेकर
'स्थळ'वरची कंटाळवाणा ही टीका माझीच होती. मागे घेत नाही, पण पुन्हा पाहीन.

कसमादेचा_पाहुणा
कुलरसमोर, तुमच्या आईसाठी 'मय्यळगन' लावा. तमिळ आहे, २०२४ चा, कार्ती आणि अरविंद स्वामी. मारामारी नाही, खलनायक नाही. भाऊबंदकीत घर गेलं म्हणून तंजावर सोडलेला माणूस बावीस वर्षांनी बहिणीच्या लग्नाला जातो. तिथे एक नातेवाईक त्याला चिकटतो, खाऊपिऊ घालतो, घरी झोपवतो, सगळं जुनं त्याला पाठ. आणि याला त्याचं नावच आठवत नाही! विचारायची लाज वाटते.

मला तर हे एरंडोलच्या एका लग्नात झालंय. पंगतीत एकाने खांद्यावर हात ठेवला, "ओळखलं का?" मी म्हटलं, "अरे, तुला नाही ओळखणार?" त्याने मला तीन वेळा जिलबी वाढली, माझ्या वडिलांचं ऑपरेशन विचारलं, बसस्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. आजपर्यंत माहीत नाही तो कोण.

भुसावळ_पॅसेंजर
केटरर असेल.

तापीकाठचा
शेवटी नाव आठवतं का त्याला?

सातपुडा७७
हो, मय्यळगन.

तापीकाठचा
अरे!! पुन्हा शेवट फोडला तुम्ही! संपादक, यांना आवरा.

सातपुडा७७
दादा, सिनेमाचं नावच ते आहे!

संपादक
😄 ही तक्रार फेटाळली.

कुलरसमोर
पाहिला. अहवाल देतो.

आईला इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून लेक वाचून मराठीत सांगत होती. कार्तीचं पात्र दोन-दोन मिनिटं बोलतं, लेक सांगते, "तो म्हणतोय त्याला छान वाटलं." आई म्हणाली, "तो एवढं बोलला आन् तू एवढंच सांगते? बाकीचं कोणी खाल्लं?" मग लेक नीट सांगायला लागली. तासाभराने ती स्वतःच पदरचं घालायला लागली होती, कारण बायको मध्येच म्हणाली, "असं नाही लिहिलंय तिथे." आई म्हणाली, "राहू दे, बरं सांगते ती."

सायकलचा प्रसंग आला तेव्हा आईने पाय खाली सोडले. म्हणजे उठणार. उठली नाही, नुसती पुढे सरकली. शेवटची पंधरा मिनिटं राहिली होती आणि वीज गेली. तापमानामुळे लोड आला असेल. इन्व्हर्टरवर टीव्ही नाही. अंधारात सगळे बसून. आई म्हणाली, "फोन लावेल तो त्याला." वीज पहाटे आली. सकाळी चहाच्या आधी तिने विचारलं, "लावला का फोन?"

मग आंघोळी व्हायच्या आत उरलेला पाहिला. एका बैठकीत म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कसमादेचा_पाहुणा
म्हणायचं.

तापीकाठचा
वीज गेली म्हणजे दोन बैठका. नियम तुमचाच आहे.

केळीचा_घड
मी दोन दिवसांपासून विचारायचं म्हणतोय, पंप कितीला पडला? आणि कुलरचं गवत बदललं का? आमच्या कुलरला वास येतोय.